सासूबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन: नळीचा फोटो काढायचा की नाही?

प्रश्न: माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. गेल्या दोन महिन्यांत त्यांना दोनदा उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं. दुसऱ्या वेळी उलट्या झाल्या, डोळे किंचित पिवळे दिसले आणि चार दिवसांत आपोआप उतरले. तेव्हा रक्तातलं बिलीरुबिन (कावीळ किती आहे ते दाखवणारा आकडा) २.१ होतं, आता १.१ आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच बारीक खडे आहेत आणि ‘सीबीडी ८ मिमी’ असं लिहिलं आहे. आमचे इथले सर्जन दुर्बिणीतून पित्ताशय काढू म्हणतात. पुण्यातल्या एका रुग्णालयात हिरवा डाय देऊन खास कॅमेऱ्याने ऑपरेशन करतात, तिथे खर्च बराच जास्त आहे. माझे दीर स्वीडनमध्ये असतात. तिकडे प्रत्येक पेशंटच्या पित्तनलिकेचा एक्स-रे ऑपरेशन चालू असतानाच काढतात, मग आपल्याकडे का नाही, असं ते विचारतात. आमच्या सर्जनना विचारलं तर म्हणाले, ‘गरज वाटली तर काढू.’ सासूबाईंना ओळखीच्या डॉक्टरांकडेच, कऱ्हाडलाच करायचं आहे. घरात दोन तट पडलेत. आम्ही नेमकं काय विचारावं?
– एक सून, कऱ्हाड

उत्तर: ताई, तुमच्या घरातला वाद कॅमेऱ्यावर आणि खर्चावर चालला आहे, पण निर्णय ठरायला हवा तो तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर: डोळे पिवळे दिसले आणि चार दिवसांत उतरले. पित्ताशयात नुसते खडे असले तर सहसा कावीळ होत नाही. पित्ताशयातून एखादा बारीक खडा निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरला, तिथे काही काळ अडकला आणि मग आतड्यात निघून गेला, असं झालं असण्याची शक्यता मोठी आहे. बिलीरुबिन खाली आलं याचा अर्थ तो खडा बहुधा गेला. दुसरा एखादा मागे राहिला नाही ना, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. नळीचा फोटो हवा का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच स्पष्ट आहे: सासूबाईंच्या बाबतीत हवा. तो ऑपरेशनआधी काढायचा की ऑपरेशनच्या टेबलावर, एवढंच ठरवायचं आहे. आणि तो कऱ्हाडलाही निघू शकतो.

आधी आतली रचना सांगते, कारण ती डोळ्यांसमोर असली की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी निघते, त्या दोन्ही एकत्र येऊन एक मुख्य नळी होते आणि ती खाली लहान आतड्यात उघडते. तिथे उघडण्याच्या जागीच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. पित्ताशय हे या वाटेवर बाजूला लटकलेलं साठवणीचं ठिकाण. ते ज्या छोट्या नळीने मुख्य नळीला जोडलेलं असतं ती सिस्टिक डक्ट, आणि ती जिथे मिळते तिथून खालची मुख्य नळी म्हणजे रिपोर्टमधली सीबीडी. शेतात मुख्य पाट आणि त्यातून एका वाफ्याकडे काढलेली दांड असते तसं हे आहे. दांड बंद केली तर एकच वाफा कोरडा पडतो, मुख्य पाट फुटला तर अख्खं शेत बिघडतं. ऑपरेशनमध्ये सर्जनला सिस्टिक डक्ट आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी या दोनच गोष्टी क्लिप लावून कापायच्या असतात. मुख्य नळीला धक्का लागता कामा नये.

आता नळीच्या फोटोचे हेतू दोन आहेत. तुमच्या घरातल्या वादात ते एकमेकांत मिसळले आहेत. पहिला हेतू, मुख्य नळीत खडा आहे का हे बघणं. दुसरा, सर्जन जी नळी कापणार आहेत ती खरोखर सिस्टिक डक्टच आहे याची खात्री करणं. पुण्याचा हिरवा डाय दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. सासूबाईंचा तातडीचा प्रश्न पहिला आहे. जास्त पैसे मोजून तिकडे गेलात आणि पहिला प्रश्न तसाच राहिला, तर त्या खर्चाचा काय उपयोग?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. पित्ताशय जागेवर असताना सीबीडी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. वयाबरोबर ती थोडी रुंदावते हे खरं, पण ८ मिलिमीटर, शिवाय उतरून गेलेली कावीळ आणि पंचावन्नच्या पुढचं वय हे सगळं एकत्र धरलं तर सासूबाई ‘मध्यम शक्यता’ या गटात बसतात. सोनोग्राफीत नळीत खडा दिसला नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सीबीडीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं आणि सोनोग्राफीला ते नीट दिसत नाही. या गटातल्या पेशंटसाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही योग्य आहेत.

एक मार्ग म्हणजे ऑपरेशनआधी एमआरसीपी. हा एमआरआयचाच प्रकार. नळीत कसली दुर्बीण घालावी लागत नाही, सहसा इंजेक्शनही नसतं. काही तास उपाशी राहून मशीनमध्ये स्थिर पडायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कुठलाही धातू असेल तर आधी सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगा. फार बारीक खडे एमआरसीपीतून कधी कधी सुटतात. तशी शंका उरली तर तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस, अधिक बारकाईने बघते. एमआरसीपीत खडा दिसला तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं मोकळं करून, तो काढतात. ईआरसीपी नुसती ‘बघण्यासाठी’ म्हणून कुणी सुचवली तर मात्र विचारा की आधी एमआरसीपी का नको, कारण ईआरसीपीनंतर काही जणांना स्वादुपिंडाला सूज येते आणि तो त्रास गंभीर होऊ शकतो. खडा निघाल्यावर पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. शक्यतो त्याच भरतीत, नाहीतर दोन आठवड्यांच्या आत करून घ्यावं, नाहीतर पित्ताशयातून पुन्हा खडा उतरतो.

दुसरा मार्ग तुमच्या दिरांनी सांगितला तो. याला कोलँजिओग्राम म्हणतात. पद्धत जुनी आहे, अर्जेंटिनातले सर्जन पाब्लो मिरिझ्झी यांनी ती १९३१ मध्ये सुरू केली, दुर्बिणीचं ऑपरेशन येण्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी. सर्जन सिस्टिक डक्ट मोकळी करून पित्ताशयाच्या बाजूला एक क्लिप लावतात, नळीला छोटीशी चीर देतात, त्यातून कॅथेटर, म्हणजे एक बारीक पोकळ नळी, आत सरकवतात आणि एक्स-रेत दिसणारा डाय हळूहळू सोडतात. टेबलाभोवती फिरणाऱ्या सी-आर्म या एक्स-रे मशीनवर पित्ताचं सगळं झाड उमटत जातं. डाय वर उजव्या आणि डाव्या दोन्ही शाखांत गेला का, खाली आतड्यात उतरला का, मध्ये कुठे गोल पोकळी दिसते का, हे बघायचं. गोल पोकळी म्हणजे खडा असू शकतो. तो हवेचा बुडबुडाही असू शकतो, म्हणून सलाइन सोडून पुन्हा बघतात, बुडबुडा हलतो किंवा निघून जातो. सवय असलेल्या टीमला या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. डाय रक्तात न जाता पित्तनलिकेत जातो, त्यामुळे ॲलर्जीचा धोका अगदी कमी. तरी आधी कधी सीटी स्कॅनच्या डायने त्रास झाला असेल तर जरूर सांगा. (कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं म्हणून डाय चालणार नाही, असं घरोघरी समजतात. त्या दोन गोष्टींचा संबंध नाही.)

आता दुसरा प्रश्न, चुकीची नळी कापली जाण्याचा. यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण पेशंटच्या घरच्यांना हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्याकडे हे ऑपरेशन १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं आणि पुढच्या दशकभरात ते जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोहोचलं. पोटावरची वीतभर जखम गेली, पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागले. पण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये मुख्य नळीला इजा होण्याचं जे प्रमाण हजारात एक-दोन होतं, ते दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारात तीन ते पाचच्या आसपास गेलं. प्रमाण लहानच आहे, घाबरून जाऊ नका. मात्र ज्याला ही इजा होते त्याला पुढे मोठं दुरुस्तीचं ऑपरेशन लागू शकतं, आतड्याचा भाग वर आणून नळीला जोडावा लागतो आणि कित्येक वर्षं तपासण्या चालू राहतात.

ही इजा होते कशी? पित्ताशय वर ओढून धरलं की सिस्टिक डक्ट आणि मुख्य नळी एका रेषेत येतात आणि दोन्ही मिळून एकच नळी असल्याचा भास होतो. त्यात सूज असेल, सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल तर भास आणखी पक्का होतो. अमेरिकेतल्या एका गटाने अशा २५२ इजांचा अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण नजरेची फसगत हे होतं. म्हणजे हात थरथरला किंवा कौशल्य कमी पडलं अशी प्रकरणं अगदी थोडी होती. सर्जनला त्या क्षणी आपण योग्य नळी कापतोय याची पूर्ण खात्री होती. ‘गरज वाटली तर काढू’ या उत्तराची मर्यादा इथे कळते. खडा शोधण्यासाठी ते उत्तर ठीक आहे, पण ज्या सर्जनची फसगत झाली आहे त्यांना फोटोची गरज वाटणारच नाही!

म्हणून खबरदारी शंका येण्याच्या आधीची असावी लागते. त्यातली सगळ्यात महत्त्वाची खबरदारी एक पैसाही खर्च करायला लावत नाही. स्टीव्हन स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये तिला नाव दिलं, ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’. कुठलीही नळी कापण्याआधी तिथली चरबी आणि चिकटलेले धागे पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात दोन आणि दोनच गोष्टी शिरताना दिसल्या पाहिजेत. हे दिसेपर्यंत क्लिप नाही. हे तुमच्या सर्जनना नक्की माहीत असेल. तुम्ही विचारलंत तर चांगला सर्जन रागावणार नाही, उलट स्क्रीनवर हा टप्पा थांबवून त्याचा फोटो ठेवण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे.

कोलँजिओग्राम इथे दुसरी साक्ष देतो. समजा फसगत झालीच आणि चीर मुख्य नळीला दिली गेली, तर डाय फक्त खाली जाताना दिसतो, यकृताकडच्या शाखा भरतच नाहीत. फोटो तिथेच सांगतो की थांबा. चीर शिवता येते, आरपार कापलेली नळी जोडणं हे फार मोठं काम आहे. अर्थात फोटो वाचणाराही सावध हवा. वरच्या शाखा दिसत नाहीत तरी ‘डाय गेला नसेल वर’ म्हणून पुढे गेलं तर फोटोचा उपयोग शून्य.

मग तुमच्या दिरांचा मुद्दा बरोबर आहे का? स्वीडनमध्ये बहुतेक सगळ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनांत हा एक्स-रे काढतात, आणि २००५ पासून तिथे अशा ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. जगभर मात्र यावर एकमत नाही. अमेरिकेत वयस्कर पेशंटच्या पंधरा लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात फोटो काढलेल्या गटात इजा ०.३९ टक्के, न काढलेल्या गटात ०.५८ टक्के निघाली. टेक्सासच्या नोंदींवर २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात दोन गटांतल्या पेशंटचे मूळचे फरक हिशेबात धरले, तर तो फायदा ठामपणे सिद्ध होईना. माझं मत असं आहे: कधी कावीळ नाही, रक्ताचे रिपोर्ट साफ, नळी बारीक आणि आतली रचना स्वच्छ दिसते आहे, अशा पेशंटमध्ये फोटो काढला नाही तर तो निष्काळजीपणा म्हणता येत नाही. पण रोज काढणाऱ्या टीमला अडचणीच्या दिवशीही तो पटकन आणि नीट काढता येतो. स्वीडनच्या पद्धतीतला हा गुण मला फार मोलाचा वाटतो. वर्षातून एकदाच काढणाऱ्यांना नेमक्या अवघड पेशंटमध्ये कॅथेटर आत जात नाही.

पुण्याच्या हिरव्या डायबद्दल. त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन. ऑपरेशनच्या आधी तो शिरेतून देतात, यकृत तो उचलून पित्तात सोडतं आणि खास प्रकाशात बघणाऱ्या कॅमेऱ्यावर पित्तनलिका चमकताना दिसतात. नळीला चीर नाही, एक्स-रे नाही, आणि नळ्या सोडवत असतानाच सतत मार्ग दिसत राहतो. तंत्र खरंच चांगलं आहे. पण तो प्रकाश काही मिलिमीटरच आत पोहोचतो. चरबी जाड असेल किंवा सूज फार असेल, म्हणजे जिथे मदत सगळ्यात जास्त हवी तिथे, चित्र पुसट होतं. आणि नळीतला खडा शोधायला तो भरवशाचा नाही. त्यात आयोडीन असतं, म्हणून आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर आधी सांगायला हवं. हा कॅमेरा असेल तर उत्तम, पण केवळ त्याच्यासाठी सासूबाईंना त्यांच्या विश्वासाच्या डॉक्टरांपासून दूर न्यावं असं मला वाटत नाही.

आता कऱ्हाडच्या सर्जनकडे जाताना काय विचारायचं ते. लिव्हरचे रक्ताचे रिपोर्ट आत्ता पुन्हा करून घ्या आणि विचारा, ‘सीबीडीत खडा उरला नाही हे आपण कशावरून पक्कं करायचं? आधी एमआरसीपी करायची की टेबलावर कोलँजिओग्राम?’ ते टेबलावर म्हणाले तर लगेच विचारा की सी-आर्म आणि तो चालवणारा माणूस त्या दिवशी थिएटरमध्ये असेल ना, आणि फोटोत खडा दिसलाच तर पुढे काय. काही सर्जन त्याच वेळी दुर्बिणीतून खडा काढतात, काही नंतर ईआरसीपीला पाठवतात. दोन्ही चालतं, पण पाठवणार असतील तर कुठे आणि कुणाकडे, हे आधी ठरलेलं असावं. तिथे सी-आर्मची सोय नसेल तर एमआरसीपी आधी करून घ्या, म्हणजे ऑपरेशन कऱ्हाडलाच करायला हरकत राहत नाही. विम्यातून किंवा सरकारी योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर ही तपासणी पॅकेजमध्ये धरलेली आहे का, हेही भरती होण्याआधीच विचारून घ्या.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ‘डॉक्टर, आत नीट दिसलं नाही तर तुम्ही काय कराल?’ चांगली उत्तरं अशी असतात: थांबेन, दुसऱ्या अनुभवी सर्जनना बोलावेन, फोटो काढेन, पित्ताशयाचा धोक्याच्या जागेजवळचा भाग तसाच ठेवून बाकीचं काढेन, नाहीतर पोट उघडेन. ‘तसं काही होत नाही, रोजचंच ऑपरेशन आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

आणि इथे तुम्हा घरच्यांचंही एक काम आहे. दुर्बिणीचं सांगून पोट उघडलं की नातेवाईक चिडतात, बिलावरून भांडतात, गावात सांगत फिरतात की डॉक्टरला जमलं नाही. हे दडपण सर्जनच्या डोक्यावर त्या टेबलापाशीसुद्धा असतं, आणि थांबायला हवं तिथे थोडं आणखी पुढे जायला ते भाग पाडतं. म्हणून संमतीपत्रावर सही करताना तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनी तोंडाने सांगा, ‘पोट उघडावं लागलं किंवा ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावं लागलं तरी आमची तक्रार नाही, त्यांची मुख्य नळी सुरक्षित राहू द्या.’ सासूबाईंनाही हे आधी समजावून ठेवा, म्हणजे शुद्धीवर आल्यावर मोठी जखम दिसली तर त्या घाबरणार नाहीत.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, त्याची काळजी नको. पण दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पोट फुगलं, ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे किंवा लघवी पिवळी गर्द झाली, किंवा ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर यायला ठेवलेल्या नळीच्या) पिशवीत हिरवट-पिवळं पाणी आलं, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी थांबू नका. नळीची इजा पुष्कळदा टेबलावर लक्षात येत नाही, ती अशीच नंतर कळते. ती लवकर कळली आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या तज्ज्ञांकडे वेळेत पोहोचलं तर पुढचं बरंच नुकसान टळतं. ऑपरेशनची सविस्तर नोंद, काढला असेल तर कोलँजिओग्रामचा फोटो, आणि काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट हे तिन्ही मागून घ्या आणि फाइलला लावा.

मी सासूबाईंना तपासलेलं नाही, म्हणून अखेरचा निर्णय त्यांच्या सर्जनचाच. दिरांना हे उत्तर वाचायला द्या, त्यांची काळजी रास्त आहे. आणि तारीख ठरेपर्यंत एक लक्षात ठेवा: पोटात दुखणं, थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे हे तिन्ही एकत्र आले तर नळीत जंतुसंसर्ग झाला असं धरायचं आणि रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. एमआरसीपीची ठरलेली तारीख दुसऱ्या दिवशीची असली, तरीसुद्धा.